जांभळा अंगठा

१

एलीश्वाम्मा वारल्याच्या एक्केचाळिसाव्या दिवसाची पंगत अर्ध्यावर आली होती. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना झाली, कबरीवर मेणबत्त्या लागल्या, आणि आता मांडवात केळीच्या पानांवर दुसऱ्यांदा भात पडत होता. तेवढ्यात म्हातारीचा मुलगा कुरुविळा उठून उभा राहिला. खिशातून घडी घातलेला कागद काढत तो म्हणाला, "अम्मच्चीची शेवटची इच्छा सगळ्यांनी ऐकावी."

लोकांचे हात थांबले. मासळीच्या रश्श्यातले हातसुद्धा थांबले, यावरून काय ते समजा.

मजकूर फारसा नव्हता. एलंजिक्कल घर, त्यामागची दोन एकर रबराची बाग आणि विहीर, सगळं मुलगा कुरुविळा याला. मुलगी राहेल हिला लग्नात जे द्यायचं ते दिलेलं आहे, तिचा आता कशावरही हक्क नाही. तारीख वीस मे एकोणीसशे चौऱ्याण्णव, म्हणजे म्हातारी मरायच्या चार महिने आधीची. खाली एलीश्वाम्माच्या डाव्या हाताचा अंगठा, कारण बाईला अक्षर येत नव्हतं. साक्षीदार दोन. एक गावचा दस्तलेखक पैली, दुसरा त्याचाच मेहुणा.

राहेल तेव्हा सांबाराची बादली घेऊन वाढत होती. वय एक्कावन्न. नवरा गेल्यावर एकोणीस वर्षांपूर्वी एक ट्रंक घेऊन माहेरी आली, ती गावच्या दूध सोसायटीत सकाळ-संध्याकाळ दूध मोजत राहिली आणि मधल्या वेळात आईचं हगणंमुतणं काढत राहिली. भाऊ कोइंबतूरला टायरचं दुकान चालवायचा आणि नाताळात केक घेऊन यायचा.

"नाताळपर्यंत खोली मोकळी कर," कुरुविळा तिला म्हणाला. "माझी काही घाई नाही. चांगले सात आठवडे आहेत."

राहेलने बादली खाली ठेवली नाही. पुढच्या पानावर सांबार वाढलं, त्याच्या पुढच्यावर वाढलं, आणि ओळ संपल्यावर आत निघून गेली.

पंगतीत इट्टियविरा सार बसले होते. एकतीस वर्षं सबरजिस्ट्रार, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणारे साहेब होते. गाव त्यांना पाठीमागे 'अंगठासार' म्हणायचं आणि सार ते कौतुक समजायचे. माणसाचा चेहरा विसरतील, पण अंगठा विसरणार नाहीत, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटाही मोठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी राहेल त्यांच्या ओसरीवर हजर झाली.

"सार, तो कागद खोटा आहे. अम्मच्चीने कुणालाच काही लिहून दिलं नाही. मी म्हणायचे, एकदा पैलीला बोलावून लिहून टाक. ती म्हणायची, पुढच्या आठवड्यात बघू."

"आणि पुढचा आठवडा आला नाही."

"मेल्यावर घालायचे कपडे तिने बारा वर्षांपूर्वी ट्रंकेत ठेवले होते, सार. अंगातला चट्टा, नेसायचं मुंडू, पांढरे हातमोजे, पायमोजे, हातात द्यायचा क्रूस. कबरीची जागा दाखवून ठेवली होती. कोणत्या पाद्रीला बोलवायचं नाही तेसुद्धा सांगितलं होतं. फक्त माझ्यापुरता एक कागद केला नाही." तिचा आवाज आता कुठे फाटला. "हे घर गेलं तर मी कुठे जाऊ?"

सारांना तिची कीव आली असं म्हणवत नाही. पण दोन वर्षं निवृत्तीत घालवल्यानंतर कुणीतरी अंगठा घेऊन दारात आलं होतं. त्यांनी भिंग शोधायला घेतलं.

२

कुरुविळाने कागद आनंदाने दाखवला.

"बघा, सार, डोळे भरून बघा. बहिणीने पाठवलंय ना तुम्हाला? तिला सांगा, भावाने उदार मनाने दाखवला."

"तू मोठ्या मनाचाच आहेस. पंगतीत बसलेल्या दीडशे माणसांनी पाहिलंय," सार म्हणाले आणि कागद खिडकीशी नेला.

सात वर्षांपूर्वी पंचायतीला रस्त्यासाठी जमिनीचा तुकडा देताना एलीश्वाम्माने अंगठा केला होता. तो सारांनी स्वतःच्या हाताने उठवून घेतला होता, आणि त्या दस्ताची नक्कल आज त्यांच्या पिशवीत होती. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मधला भोवरा तोच, डावीकडे फुटलेली वेल तीच, खालची तुटलेली रेघही तीच.

पण तीन गोष्टी त्यांना खुपल्या. नव्या ठशात वरून खाली तिरपी एक पांढरी फट होती, जुन्यात ती नव्हती. शाई जांभळी होती. पैलीच्या टेबलावर सारांनी जन्मात काळ्याशिवाय शाई पाहिली नव्हती. आणि लिखाण मोठं विचित्र होतं. वरच्या ओळी दाटीवाटीने बसलेल्या, तर खालच्या एकमेकींपासून फटकून उभ्या, कसंबसं अंगठ्यापर्यंत पोचायचं म्हणून हातपाय ताणल्यासारख्या. शेवटच्या अक्षराची शेपटी तर थेट जांभळ्या ठशावरून गेली होती.

"काय म्हणतोय अंगठा?" कुरुविळाने विचारलं.

"तुझ्या आईचाच आहे."

"मग झालं तर! कॉफी घेणार?"

सारांनी कॉफी घेतली. कॉफी चांगली होती, कारण ती राहेलने केली होती. ती कप द्यायला आली तेव्हा सार मुद्दाम तिच्याकडे बघत म्हणाले, "राहेल, अंगठा खराच निघाला."

कागद खोटा म्हणणारी बाई अशा वेळी किंचाळायला हवी. असं कसं होईल, सार, नीट बघा, असं म्हणायला हवी. राहेल तसलं काहीच बोलली नाही.

"मग तारीख बघा," ती हळूच म्हणाली. "तारीख खोटी असेल."

सार तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

३

शेजारची कुंजेली ही गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना शेवटची आंघोळ घालणारी बाई. तिला बोलतं करावं लागत नसे, थांबवावं लागे.

"फट? अंगठ्यावर? अहो, ती सुपारीची! म्हातारीला अडकित्ता दुसऱ्याच्या हातात द्यायला नको. गुरुवारी दुपारी कचकन डाव्या अंगठ्यावर मारून घेतला. रक्त बघून मलाच शिव्या. मी काय केलं होतं? मी आपली पान लावत होते."

"कोणता गुरुवार?"

"मरायच्या आधीचा. शनिवारी दुपारी गेली ना."

सारांनी मनातल्या मनात टाळी वाजवली. जखम सप्टेंबरातली, आणि ती मे महिन्याच्या ठशात. कुरुविळाचा कागद तिथेच मेला होता. पण एवढ्यावर उठले तर ते अंगठासार कसले?

"अंगठा उघडाच होता का, कुंजेली?"

"छे! राहेलने पट्टी बांधली, वर चिकटपट्टी. आंघोळ घालताना गरम पाण्याने सुटली. मीच काढून टाकली."

म्हणजे गुरुवार ते शनिवार अंगठा पट्टीत होता. मोकळा झाला तो बाई मेल्यावर. सारांनी पुढे वाकून विचारलं, "कुरुविळा कधी आला?"

"रविवारी सकाळी, बायकोला घेऊन. रडला हो खूप, फोटोवाला आल्यावर. तोवर म्हातारी हातमोजे घालून, हातात क्रूस धरून नटून बसली होती. म्हणजे निजली होती."

"हातमोजे पुन्हा कुणी काढले?"

"मढ्याचे हातमोजे कोण काढतं? सगळ्यांनी कपाळाचं चुंबन घेतलं आणि झाकण लावलं. मी शेवटपर्यंत उशाशी होते."

"आणि आंघोळ झाल्यावर हातमोजे घालेपर्यंत?"

कुंजेली पहिल्यांदाच जराशी थांबली. "मी बाहेरच्या खोलीत होते. मुंडूला मागे पंख्यासारख्या निऱ्या घालायच्या असतात, त्या आता माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत. खळ घातलेलं कापड, दहा-बारा मिनिटं लागतातच. परत आत आले तर हातमोजे घालून झालेले. मी म्हटलंसुद्धा, अगं कपड्यांच्या आधी हातमोजे? आता बाह्या कशा चढवू? पण तिने काढू दिले नाहीत."

"तिने म्हणजे कुणी?"

"असं काय विचारता, सार? खोलीत राहेलशिवाय होतं कोण?"

४

सार घरी जाऊन आरामखुर्चीत पडले आणि जेवणावरून उठवलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. अंगठा राहेलने घेतला. कागद राहेललाच घराबाहेर काढतो. ज्या बाईचं सगळं जाणार, तिनेच ते भावाच्या हातात का द्यावं? आणि दिलं तर मग सारांकडे रडत का यावं?

संध्याकाळी ते पैलीच्या टपरीवजा कचेरीत गेले. पैली काळ्या पॅडवर कुणाचा तरी अंगठा दाबत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत सार गप्प बसले. मग म्हणाले, "पैली, तुझ्यासारखा लेखक तालुक्यात नाही. ओळी कशा, दोरी लावून लिहिल्यासारख्या. एलीश्वाम्माच्या कागदावर काय झालं रे? खालच्या ओळी एवढ्या फटकून का वागतात?"

"म्हातारी घाई करत होती, सार."

"घाईत माणूस ओळी जवळ घेतो, लांब नेत नाही. लांब कधी नेतो? खाली अंगठा आधीच बसलेला असेल आणि मजकूर तिथपर्यंत पुरवायचा असेल तेव्हा. तुझ्या शेवटच्या अक्षराची शेपटी अंगठ्याच्या शाईवर चढलीय. तिरुवनंतपुरमच्या प्रयोगशाळेत कागद गेला तर अंगठा आधी की अक्षर आधी, ते एका दिवसात सांगतील."

पैलीने पॅडचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"मे महिन्यात तू पांढरा कागद समोर ठेवून म्हातारीचा अंगठा घेतलास आणि अंगठ्यावर सप्टेंबरातली जखम आधीच उठली. एवढा चमत्कार तर आपल्या चर्चमध्येही झाला नाही. साक्षीदार म्हणून सही कुणाची आहे, पैली? तुझी."

"सार, मुलंबाळं आहेत मला."

"तुरुंगात सगळ्यांनाच असतात."

पैलीला घाम फुटला होता आणि सारांना बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

"अंगठा मी घेतला नाही," पैली शेवटी पुटपुटला. "येसूची शपथ. कागद माझ्याकडे कोराच आला. खाली फक्त अंगठा. दफन झालं त्याच्या आठव्या दिवशी. राहेल म्हणाली, वर मजकूर लिहा, जुनी तारीख घाला. मी म्हटलं, ठेवून जा. नंतर तिला सांगितलं की उंदरांनी कुरतडला."

"आणि नेऊन कुरुविळाला दाखवलास."

पैलीने मान खाली घातली. "त्याने हवा तसा मजकूर सांगितला, मी लिहिला. गिऱ्हाईक मोठं होतं, सार."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची वेळ टळल्यावर सार एलंजिक्कलच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. कुरुविळा बागेत रबराची झाडं मोजत फिरत होता. राहेलने कॉफी पुढे ठेवली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना सोसायटीच्या पॅडची जांभळी शाई होती, दूध घालायला येणाऱ्यांचे अंगठे ती रोजच उठवायची.

सारांनी सगळं ओळीने सांगितलं. सुपारी, पट्टी, गरम पाणी, निऱ्या, हातमोजे, पैली. संपल्यावर राहेल म्हणाली, "पॅड मी चार दिवस आधीच घरी आणून ठेवला होता. जिवंतपणीच घ्यावा म्हणून. हात धरला की ती ओढून घ्यायची. म्हणायची, पोरीच्या नावाने काही लिहिलं तर कुरुविळा माझ्या मातीलाही यायचा नाही."

"म्हणून मेल्यावर घेतलास."

"मेल्यावर तिने हात ओढला नाही." राहेल आता रडत होती, पण आवाज स्थिर होता. "आंघोळीच्या पाण्याने गरम होता, सार. मला वाटलं, आत्ता डोळे उघडून बघेल. शाई निघेना, म्हणून हातमोजे घातले. एकोणीस वर्षं तिला भरवलं, धुतलं, आणि शेवटी तिच्याशीच चोरासारखी वागले."

"काय लिहायला सांगितलं होतंस पैलीला? सगळं घर?"

"सगळं कशाला? मागची खोली आणि विहिरीचं पाणी, मरेपर्यंत. बाकी सगळं अच्चायनला, माझ्या भावाला. लग्नात हुंडा दिलेल्या मुलीला आणखी कोण काय देतं? लिहिल्याशिवाय मला काहीच मिळणार नव्हतं."

सारांनी कॉफीचा घोट घेतला. इथे एखाद्या भल्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. पण कोडं सुटलेल्या माणसाला शेवटचा तुकडा बसवल्याशिवाय राहवत नाही.

"राहेल, एक प्रश्न तू स्वतःला का विचारला नाहीस? कागद नसता तर सगळं आपोआप कुरुविळाचं झालं असतं, असंच तुला वाटत होतं ना?"

"हो."

"मग त्याला कागद कशाला हवा होता?"

राहेलने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"आठ वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. आपल्या ख्रिस्ती लोकांत बाई किंवा माणूस काही न लिहिता मेला, तर मुलाला आणि मुलीला सारखा वाटा. हुंडा दिलेला असो की नसो. अर्धं घर, अर्धी बाग, अर्धी विहीर तुझी होती. म्हातारीचा श्वास थांबला त्याच क्षणी तुझी झाली. तू काही केलं नसतंस तर झालं असतं. हे कुरुविळाला ठाऊक होतं. तुझा अधिकार मारायला त्याला मृत्युपत्र हवंच होतं, आणि तू ते अंगठ्यासकट त्याच्यापर्यंत पोचवलंस."

चुलीवरचं पाणी उकळून उतू गेलं. राहेलचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काहीच केलं नसतं तर," ती म्हणाली.

"काहीच."

"नुसती तिच्यापाशी बसून रडले असते तर."

"तर आज अर्ध्याची मालकीण असतीस. आता ऐक. मी अंगठ्याबद्दल बोललो तर कुरुविळाचा कागद पडतो, पण पैली तुझं नाव घेणार. मढ्याच्या हातून खोटा अंगठा. सात वर्षं, कदाचित दहा. मी गप्प बसलो तर नाताळात तुझी ट्रंक बाहेर. म्हणून म्हणतो, गप्प बसू. मी कुरुविळाशी बोलतो, पैली घाबरलाय असं सांगून मागची खोली तुला ठेवायला लावतो."

राहेलने पदराने तोंड पुसलं. तिने बाहेर, झाडं मोजणाऱ्या भावाकडे बघितलं.

"अच्चायन पण आत जाईल?"

"जाईल. कागद त्याने करवून घेतला, पंगतीत वाचला. पैलीही जाईल."

"आणि माझं अर्धं?"

"ते राहील. तुरुंगात गेलं म्हणून वाटा जात नाही. पण सुटशील तेव्हा साठीची असशील, वेडे."

"मग सांगा, सार. कोर्टात सांगा."

सारांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. "अगं, शहाण्यासारखी वाग. मागची खोली मिळतेय!"

"तुम्हाला निकाल ठाऊक कसा?" राहेलने एकदम विचारलं.

"म्हणजे? मी सबरजिस्ट्रार होतो. परिपत्रक आलं होतं."

"आठ वर्षांपूर्वी."

"हो."

"दर रविवारी प्रार्थनेनंतर तुम्ही इथे बसून कॉफी प्यायलात. अम्मच्ची तुमच्यासमोर म्हणायची, राहेलचं पुढे काय होणार. तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस," सार म्हणाले. मग तिची नजर सहन होईना म्हणून पुढे म्हणाले, "असल्या गोष्टी गावभर सांगत फिरायच्या नसतात. घरं फुटतात. परिपत्रक मी फायलीला लावलं. कचेरीत कुणालाच वाचून दाखवलं नाही."

"तुमचे अप्पन कधी वारले, सार?"

सारांचे वडील चार वर्षांपूर्वी वारले होते, काहीही न लिहिता. दोन मजली घर, जायफळाची झाडं, नदीकाठची शेती, सगळं सारांकडे आलं होतं. लग्न होऊन गेलेल्या तिघी बहिणींना त्यांनी श्राद्धाला उत्तम जेवू घातलं होतं आणि एका कागदावर त्यांच्या सह्या मागायचीही गरज त्यांना वाटली नव्हती. विचारणार कोण होतं?

"कोर्टात विचारतील, हिने असं का केलं," राहेल म्हणाली. "मी सांगेन, मला माहीत नव्हतं. कुणाला माहीत होतं, असं विचारतील. तेही सांगेन. पण कोर्टाला वेळ लागतो." ती उठली. चुलीखालचं लाकूड ओढून तिने विझवलं, हात धुतले, आणि मागच्या दाराशी जाऊन चपला पायात घातल्या.

"कुठे निघालीस?" सारांनी विचारलं.

"अन्नाच्चेडत्तीकडे. तुमच्या थोरल्या ताईकडे. जावयाने हाकलल्यापासून चर्चच्या शेडमध्ये राहतेय ना ती?"

सार कप हातात घेऊन उठले, तो ठेवायला जागा दिसेना म्हणून तसेच दारापर्यंत आले. चर्च तिथून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि राहेल पायऱ्या उतरून रस्त्याला लागलीही होती.